उसन्या कपड्यांचा हिशेब: फॅशन मासिकातली इंटर्नशिप कशी निभवायची

फॅशन मासिकाच्या गुळगुळीत पानावर जे दिसतं, त्यातलं जवळपास काहीच मासिकाच्या मालकीचं नसतं. लेहंगा डिझायनरचा, कानातलं जवाहिऱ्याचं, बूट कुठल्याशा दुकानाचे, मॉडेल ज्या खुर्चीवर रेललीय ती खुर्चीसुद्धा भाड्याची. सगळं तीन-चार दिवसांच्या बोलीवर उसनं आणलेलं. ते आणायचं, मोजायचं, जपायचं आणि जसंच्या तसं नेऊन द्यायचं, हे काम इंटर्नचं.

मी सांगलीहून मुंबईत आले तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात आईनं फोनवर विचारलं, ‘नक्की करतेस तरी काय तिथं?’ बराच वेळ घोळ घालून शेवटी म्हटलं, ‘लग्नघरात दागिन्यांचा डबा मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसलेली मावशी असते ना, जी जेवायलासुद्धा उठत नाही? ती मी.’ ‘हां,’ आई म्हणाली, ‘मग जबाबदारीचं काम आहे.’

पुढचं सगळं त्या मावशीच्या जागेवरून लिहिलंय. फॅशन डेस्कबद्दल जास्त, बाकीच्या टेबलांबद्दल, म्हणजे विभागांबद्दल, कमी, कारण मी राबले ती तिथं.

आधी टेबल ठरवा

‘मला फॅशन मासिकात काम करायचंय’ एवढं पुरत नाही. मासिकात फॅशन, ब्यूटी, फीचर्स, आर्ट आणि डिजिटल अशी वेगवेगळी टेबलं असतात आणि इंटर्नचं काम प्रत्येक ठिकाणी पार वेगळं असतं. फीचर्समध्ये दीड तासाची मुलाखत ऐकून उतरवून काढायची, नावं-सालं तपासायची. ब्यूटीमध्ये आलेल्या डब्या-बाटल्यांची नोंद ठेवायची. डिजिटलमध्ये कॅप्शन, फोटो शोधणं, दुकानांच्या लिंक जोडणं. छापील पानं कमी होत गेली तसा इंटर्नचा मोठा भरणा इकडेच होऊ लागला. आणि फॅशनमध्ये कपडे उचलायचे. शब्दशः उचलायचे. भरजरी नवरीचा लेहंगा पाण्याच्या भरलेल्या बादलीइतका जड असू शकतो.

लिहायची हौस असेल तर फॅशन डेस्कवर जाऊ नका. तिथं तीन महिन्यांत तुम्ही लिहाल त्या फक्त याद्या.

मासिकांचं म्हणाल तर ‘फेमिना’ १९५९पासून आहे. परदेशी नावं आली ती १९९६ मध्ये, ‘एल’ आणि ‘कॉस्मोपॉलिटन’बरोबर. ‘व्होग’ २००७ चं, ‘ग्राझिया’ २००८ चं, ‘हार्पर्स बझार’ २००९ चं. बराचसा कारभार मुंबईत. ‘बझार’ आणि ‘कॉस्मो’ इंडिया टुडे समूहाकडे, म्हणजे दिल्लीच्या बाजूला. राहायची सोय कुठे होऊ शकते यावरून अर्धी यादी आपोआप गळते.

अर्ज

अंकाच्या सुरुवातीच्या पानांवर संपादक मंडळाची यादी छापलेली असते. ती वाचा. मुख्य संपादकांना लिहू नका. त्यांच्या पेटीत तुमचं पत्र बुडून जातं. यादीत खालून दुसरं-तिसरं नाव शोधा: फॅशन असिस्टंट, ज्युनिअर स्टायलिस्ट. इंटर्न गेली की सगळा बोजा त्यांच्याच अंगावर पडतो, त्यामुळे तुमचं पत्र उघडायची निकड खरी त्यांना असते.

पत्र आठ-दहा ओळींचं. विषयाच्या ओळीत कुठलं टेबल, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, आणि मुंबईत राहता का, एवढं हवं. ‘लहानपणापासून मला फॅशनचं वेड आहे’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं; मी पुढे असे अर्ज चाळले तेव्हा दहा मिनिटांत डोळे जड झाले. त्याऐवजी गेल्या दोन अंकांतलं एक शूट घ्या आणि त्यात तुम्हाला काय दिसलं ते दोन ओळींत लिहा. सोबत कामाचे नमुने, दहा पानांच्या आत, एकच पीडीएफ, हलकी. कॉलेजच्या नाटकाची वेशभूषा केली असेल, बहिणीच्या लग्नात पंधरा जणींच्या साड्या पिनअप केल्या असतील, तर तेही लिहा. मी लिहिलं होतं. मुलाखतीत त्याच एका गोष्टीबद्दल विचारलं.

इंग्रजीची धास्ती असेल तर एवढंच सांगते: ऑफिसचे मेल इंग्रजीत, सेटवरचा कारभार मुंबईच्या हिंदीत, आणि टेम्पोवाला, वॉचमनकाका, स्पॉटदादा यांच्याशी मराठी निघाली की अर्धी कामं चहाच्या वेळात होतात. मेल लिहायचे ठरावीक पाच-सहा साचे असतात. पंधरा दिवसांत हातात बसतात.

कधी अर्ज करायचा? खारघरच्या निफ्टपासून जुहूच्या एसएनडीटीपर्यंत फॅशन शिकवणाऱ्या सगळ्या कॉलेजांच्या सुट्ट्या उन्हाळ्यात, म्हणून मे ते जुलैसाठी झुंबड उडते. ऑगस्ट ते ऑक्टोबर मागा. छापील अंकाचं काम दोन-तीन महिने आधी चालतं, त्यामुळे दिवाळी आणि लग्नसराईच्या अंकांची शूटं नेमकी पावसाळ्यात येतात, आणि तेव्हाच उन्हाळ्याच्या मुली कॉलेजात परत गेलेल्या असतात.

हो म्हणण्याआधी

चार गोष्टी लेखी घ्या: मानधन किती, प्रवासाचे पैसे वेगळे मिळणार का, सुट्टीचा वार कुठला, आणि वस्तू हरवली-फाटली तर भरपाई कुणाची. चौथा प्रश्न विचारताना जीभ अडखळते, पण तोच सगळ्यात महत्त्वाचा. उत्तर ‘कंपनीची’ असंच यायला हवं. ‘बघू’ म्हणाले तर सावध व्हा.

मानधन काही ठिकाणी शून्य, काही ठिकाणी लोकलचा पास आणि डबा निघेल एवढं. अमेरिकेत याच मासिकांच्या जगातून हा वाद कोर्टात गेला होता. २०१२ मध्ये ‘हार्पर्स बझार’मध्ये फुकट काम केलेल्या एका माजी इंटर्ननं मालक कंपनी हर्स्टवर दावा लावला, तो अखेर इंटर्नच्या बाजूनं लागला नाही. २०१३ मध्ये ‘व्होग’ची मालक कंपनी काँडे नास्टवर दोन माजी इंटर्ननी दावा लावला. कंपनीनं त्याच वर्षी तिथला इंटर्नशिपचा कार्यक्रमच गुंडाळला आणि २०१४ मध्ये ५८ लाख डॉलरवर तडजोड केली. हे मुलाखतीत बोलून दाखवायची गरज नाही. पण पैशांबद्दल विचारणं म्हणजे आगाऊपणा, असं मनात येत असेल तर आठवा.

घरून पैसे येणार नसतील आणि मानधनही नसेल, तर तीन महिने काढू नका. एक महिना मागा. सहसा देतात.

उसनवारीची चिठ्ठी

आता खरं काम. स्टायलिस्ट शूटची कल्पना ठरवते, मूडबोर्ड, म्हणजे त्या कल्पनेच्या चित्रांचा तक्ता, बनतो, आणि तुम्हाला सांगितलं जातं: ‘अमक्या डिझायनरचे हे तीन लूक आणि तमक्याकडून बूट मागव.’ लूक म्हणजे एक पूर्ण पेहराव. तुम्ही डिझायनरच्या ऑफिसला किंवा त्यांच्या प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या पीआर एजन्सीला मेल टाकता. मेलमध्ये कुठल्या अंकासाठी, कुठल्या तारखेला शूट, कोण अंगावर घालणार, कधी परत येणार, हे सगळं. अंगावर घालणारं नाव मोठं असेल तर कपडे पटापट येतात. नवखी मॉडेल असेल तर ‘तो लूक सध्या बाहेर आहे’ असं गोड उत्तर येतं. मनाला लावून घेऊ नका. फॅशन वीकच्या दिवसांत तर खरोखरच सगळं बाहेर असतं.

सहा लूकचं शूट असेल तर रॅकवर तीस-चाळीस कपडे येतात, कारण त्यातले निम्मे मॉडेलच्या अंगावर बसत नाहीत आणि उरलेल्यातले निम्मे प्रकाशात वेगळेच दिसतात. सोबत मासिकाच्या लेटरहेडवरची चिठ्ठी असते. आमच्याकडे तिला नुसतं ‘लेटर’ म्हणायचे. त्यात प्रत्येक वस्तू, तिची किंमत, परतीची तारीख आणि खाली सही. सही बहुतेक वेळा तुमची.

म्हणून सही करण्याआधी पिशवी उघडा. समोरचा घाईत असला तरी उघडा. ‘अरे, घे ना, सगळं आहे त्यात’ असं म्हणणारा माणूस परतीच्या दिवशी काउंटरवर नसतो. प्रत्येक कपडा बाहेर काढून पुढून-मागून फोटो. काखेत डाग आहे का, हूक तुटलाय का, टिकल्या निघाल्यात का, खालची कड मळलीय का. असेल तर जवळून वेगळा फोटो, आणि लेटरवर शेजारी पेनानं लिहा: ‘डाव्या बाहीवर डाग, आधीपासून’. त्यांच्या माणसाची सही त्याच्या बाजूला.

मी हे कसं शिकले ते सांगते. दुसऱ्याच महिन्यात नवरीचं एक शूट होतं. कुंदनाच्या झुमक्यांची एक जोडी आली होती. फोटो काढले, दोन झुमके, लेटरवर ‘झुमके, जोड १’. शूट झालं, तिसऱ्या दिवशी परत द्यायला गेले. काउंटरवरच्या बाईंनी पांढऱ्या मखमलीच्या तबकात झुमके ठेवले, एक उलटा केला, दुसरा उलटा केला आणि मान वर करून विचारलं, ‘फिरकी?’

एका झुमक्याला मागची फिरकी नव्हती. सोन्याची, मसूरडाळीएवढी. माझे सगळे फोटो समोरून. ती आली होती की नव्हती हेच मला सिद्ध करता येईना. जोडी घ्यायला त्यांनी नकार दिला. मी सेटवर परत जाऊन व्हॅनिटी व्हॅनमधला गालिचा हातानं चाचपला, स्टीमरची पिशवी उलटी केली, मेकअपदादांच्या पेटीतले ब्रश एकेक करून झटकले. माझ्या वरिष्ठ ओरडल्या नाहीत, नुसतं ‘शोध’ म्हणाल्या, त्यानं जास्त पोटात गोळा आला. दोन दिवसांनी फोन आला तो भलत्याच डिझायनरच्या वर्कशॉपमधून. त्याच लूकमधली ओढणी आम्ही त्यांना परत केली होती. मास्टरजींनी ती झटकली तेव्हा गोंड्यात अडकलेली फिरकी खाली पडली.

त्या दिवसापासून माझ्या यादीत ओळ अशी असते: झुमका २, फिरकी २, साखळी २, डबी १, मखमली पिशवी १. लोक हसतात. हसू दे.

खरे दागिने असले की जवाहिऱ्याचा माणूस सोबत येतो आणि सेटवर दिवसभर बसतो. त्याला चहा विचारा, पण त्याच्यामुळे निर्धास्त होऊ नका. मोजणी त्याची त्यानं आणि तुमची तुम्ही करायची, दर लूकनंतर.

वाफ, इस्त्री आणि पिशवीतला संसार

पहिल्या शूटला माझ्या हातात स्टीमर देऊन सगळे निघून गेले होते. म्हणून हे इथं सविस्तर.

स्टीमर तापल्यावर पहिली वाफ हवेत सोडा. सुरुवातीला तो पाणी थुंकतो, आणि रेशमावर पाण्याचा थेंब पडला की डाग बसलाच. मखमल आतल्या बाजूनं. ऑर्गंझा लांबून. चामड्याला आणि टिकल्यांच्या कामाला वाफ नको. टिकल्या गरमीनं आकसतात. जरीकाम असेल तर कपडा उलटा करून, वर सुती कापड ठेवून, अगदी हलकी इस्त्री. पैठणीला तर पाण्याचा शिंतोडाही नको. तुमच्या आज्जीनं जे सांगितलं असेल तेच करा, ती बरोबर होती.

भारी कलाकुसरीचे कपडे हँगरवर टांगून ठेवू नका. वजनानं खांद्याची शिवण ओढली जाते. मलमलच्या कापडात सैल घडी घालून आडवे ठेवा. पावसाळ्यात प्रत्येक गारमेंट बॅगवर आणखी एक प्लास्टिकची पिशवी. जरीला दमट हवा सोसत नाही, काळी पडते.

तुमच्या खांद्यावरच्या पिशवीत काय हवं: तीन आकारांच्या सेफ्टी पिना, टाचण्या, सुई आणि काळा-पांढरा-अंगाच्या रंगाचा दोरा, दोन्हीकडून चिकटणारी टेप, मास्किंग टेप, कात्री, काळे मोठे चिमटे, टाल्कम पावडर, ओले वाइप्स, कपड्यावरची लव-केस काढायचा रोलर, मार्कर, लहान-मोठ्या झिपलॉक पिशव्या, एक्स्टेन्शन बोर्ड, एक जुना पातळ स्कार्फ. चिमटे कशाला? सँपल साइजचा, म्हणजे नमुन्यासाठी एकाच ठरलेल्या मापात शिवलेला, कपडा मॉडेलला सैल झाला की पाठीमागे चिमट्यांनी आवळतात. पुढून फोटोत मापातला दिसतो. स्कार्फ मॉडेलच्या तोंडावरून टाकून मग कपडा डोक्यातून घालायचा, म्हणजे गळ्याला फाउंडेशन लागत नाही. पावडर तेलकट डागावर ताबडतोब भुरभुरायची आणि हात लावायचा नाही. मास्किंग टेप बुटांसाठी.

बुटांचं नवख्यांना माहीत नसतं. उसने बूट नवे म्हणूनच परत जायचे असतात, म्हणून तळव्याला आधीच टेप लावायची, कडा ब्लेडनं नीट कापायच्या, फोटोत दिसता कामा नये. शूट संपलं की टेप लगेच काढायची. रात्रभर राहिली तर गोंद बसतो आणि मग रॉकेलचा बोळा घेऊन बसावं लागतं.

शूटचा दिवस

आदल्या रात्री कॉल शीट येते. कोण किती वाजता, कुठे, कुठला लूक आधी. तुमची वेळ लिहिलेली असेल त्याच्या अर्धा तास आधी पोचा, कारण रॅक लावायची ती जागा आधी मेकअपवाले बळकावतात.

लूक क्रमानं टांगा. प्रत्येक हँगरला चिठ्ठी: लूक १, सोबत कुठले दागिने, कुठले बूट. दागिन्यांसाठी ट्रे, ट्रेमध्ये पांढरा रुमाल. पहिला लूक तयार होत असताना दुसऱ्याला वाफ देऊन ठेवा. मॉडेल कपडे बदलते तिथं तुम्हाला जावं लागतं. हात लावण्याआधी ‘मागचा हूक लावू?’ असं विचारा, आणि दार उघडं राहणार नाही हे बघा. लूक कॅमेऱ्यासमोर गेला की फोननं पुढून-मागून फोटो घ्या, कुठल्या बोटात कुठली अंगठी तेसुद्धा. दोन तासांनी फोटोग्राफर म्हणतो, ‘तो दुसरा लूक परत घेऊ’, आणि तेव्हा कुणालाच काही आठवत नसतं.

हे फोटो कामाचे. इन्स्टाग्रामवर टाकायचे नाहीत, मैत्रिणीला पाठवायचे नाहीत, अंक बाजारात येईपर्यंत तर नाहीच. मुखपृष्ठावर कोण आहे हे फुटलं आणि ते इंटर्नकडून फुटलं, तर त्या मुलीला कुणी दुसऱ्या दिवशी बोलावत नाही. सेल्फीचं तर नावच काढू नका.

जेवण आलं की जेवा. ‘तुमचं झाल्यावर बसते’ हा घरचा संस्कार सेटवर उपाशी ठेवतो. बाहेरचं लोकेशन असेल तर स्वच्छतागृह कुठे आहे ते पोचल्याबरोबर विचारून ठेवा. माथेरानच्या वाटेवरच्या एका शूटला आम्हा सहा जणींना अडीच किलोमीटर मागं यावं लागलं होतं.

लूक संपला की कपडा खुर्चीवर पडू द्यायचा नाही. अंगावरून थेट हँगरवर, तपासणी, पिशवीत. दिवसाच्या शेवटी सगळे दमलेले असतात, पॅकअपचा गलका सुरू असतो, आणि हरवणारी प्रत्येक गोष्ट त्या वीस मिनिटांत हरवते. तेव्हा कुणी टॅक्सीत सोडतो म्हणालं तरी मोजणी पुरी केल्याशिवाय निघू नका.

पानाखालची बारीक अक्षरं

फोटोच्या कडेला बारीक टायपात लिहिलेलं असतं: कुठला ड्रेस, कुणाचा, किंमत किती. ही माहिती गोळा करायचं काम तुमचं, आणि ते शूटच्याच रात्री करायचं. डिझायनरचं नाव त्यांच्या स्वतःच्या मेलमध्ये जसं लिहिलंय तसंच उतरवा, कानावर पडलं तसं नको. किंमत सांगत नसतील तर ‘किंमत विचारल्यावर’ असं लिहितात.

इथं मराठी घरातून आलेल्या मुलीला एक भांडवल असतं, ते वापरा. एका शूटमध्ये खणाचं ब्लाउज होतं आणि यादीत ‘ब्रोकेड’ असं पडलं होतं. मी दबकत म्हटलं, हा खण आहे, गुळेदगुड्डचा असावा. डिझायनरकडे विचारलं तर तसंच निघालं. तेव्हापासून महाराष्ट्र-कर्नाटकाकडचं कुठलंही कापड आलं की टेबलापलीकडून हाक यायची, ‘हे काय आहे बघ जरा.’ इरकलचा टोप पदर, नारायणपेठची चौकड, पैठणीच्या पदरावरचे मोर आणि काठावरची मुनिया, हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो ही ओळखीची खूण. ज्यांच्या कपाटात हे असतं त्यांना हे ज्ञान आहे असं वाटतच नाही. गोव्याच्या मुलींनी कुणबी साडीची माहिती पक्की करून जावं. गोव्याचे डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती रॅम्पवर नेली, त्यांना २०१४ ची पद्मश्री मिळाली, २०२० मध्ये ते गेले. त्या लाल चौकडीचा विषय निघाला आणि त्यांचं नाव निघालं नाही असं होत नाही.

माहीत नसेल तर मात्र ठोकून देऊ नका. ‘सिल्क’ लिहिलेलं पॉलिस्टर छापून आलं की डिझायनरचा फोन संपादकांना जातो.

परतीचा फेरा

शूट सोमवारी, तर मंगळवार-बुधवार परतफेडीचे. आधी नकाशा मांडा. काळा घोडा आणि कुलाबा एका फेरीत, लोअर परळ-वरळी दुसऱ्या, वांद्रे-खार-जुहू तिसऱ्या. रिक्षा वांद्र्याच्या पुढे दक्षिणेला जात नाही, शीवच्याही पुढे नाही, हे बाहेरगावच्या मुलींना अंधेरीतून सहा गारमेंट बॅगा घेऊन निघाल्यावर कळतं. टॅक्सीच घ्या. लोकलनं जायचंच असेल तर दुपारी बारा ते चार. सकाळी साडेआठच्या विरार गाडीत लेहंगा घेऊन चढायचा विचार करणारीला मी हात जोडते. दागिने कधीही कुरिअरच्या मुलाकडे सोपवायचे नाहीत. स्वतः न्यायचे, आणि वाटेत कुठेही उतरायचं नाही, चहालासुद्धा.

प्रत्येक भाड्याचा हिशेब त्याच दिवशी लिहा. रिक्षाची पावती नसते, तर मीटरचा फोटो घ्या. महिनाअखेरीला आठवून लिहायला बसलात की पाचशे-सातशे रुपये स्वतःच्या खिशातून जातातच.

परत देताना त्यांच्या माणसाची सही, तारीख, वेळ, आणि सही केलेल्या लेटरचा फोटो. ‘ठेव तिथं, मी नंतर बघतो’ असं म्हणाले तर तिथंच थांबा. डाग पडला असेल तर काउंटरवर सापडण्याची वाट बघू नका. आदल्या दिवशीच वरिष्ठांना सांगा, मग त्या डिझायनरकडे फोन करतात, ड्रायक्लीनिंगचं ठरतं. लपवलेला डाग पुढच्या शूटला त्या ब्रँडचं दार बंद करतो आणि ते का बंद झालं हे सगळ्यांना कळतं.

माणसं

इथं सर-मॅडम चालत नाही, नावानं हाक मारतात. मला ‘मॅडम’ऐवजी पहिल्या नावानं संपादकांना बोलवायला महिना लागला. सेटवर मात्र दादा, मास्टरजी, काका हे सोडू नका. शिवण उसवली की रात्री नऊ वाजता तुमच्यासाठी मशीन पुन्हा उघडणारे तेच असतात.

कुणी ओरडेल. डेडलाइनला सगळेच ओरडतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. पण कुणी अंगचटीला आलं, अश्लील बोललं, रात्री एकटीला ‘लूक बघायला’ बोलावलं, तर तो कामाचा ताण नव्हे. २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळविरोधी कायद्यात प्रशिक्षणार्थीही येतात, मानधन मिळत असो वा नसो. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते. लहान ठिकाण असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार लेखी, तीन महिन्यांच्या आत. समितीवरची नावं ऑफिसात लावलेली असतात, पहिल्याच दिवशी फोटो काढून ठेवा.

शेवटचे आठ दिवस

निघण्याआधी प्रमाणपत्र मागा आणि त्यावर तारखा व टेबलाचं नाव असू द्या. ज्या पानांसाठी राबलात त्यांची पीडीएफ मागा. अंक आल्यावर देतात, पण तेव्हा तुम्ही तिथं नसता, म्हणून कुणाकडे मागायची ते विचारून ठेवा. श्रेयनामावलीत ‘सहाय्य’ म्हणून इंटर्नची नावं देण्याची पद्धत काही ठिकाणी असते. नाव कसं लिहायचं ते तुम्हीच टाइप करून द्या. माझं आडनाव पहिल्यांदा छापून आलं तेव्हा त्यातलं एक अक्षर गायब होतं, आणि दोष द्यायला कुणी नव्हतं, ती यादी मीच टाइप केली होती.

शेवटच्या दिवशी केक असतो. त्याच्या आधी एक तास बाजूला काढा आणि तुमच्या सहीची सगळी लेटरं एकेक करून उघडा. प्रत्येकावर परतीची सही आहे का बघा. एखादं उघडं राहिलं असेल तर ती वस्तू आत्ता कुठे आहे, कुणाकडे आहे आणि कधी जायचीय, हे पुढच्या मुलीला लिहून द्या, आणि ‘मिळालं’ म्हणून तिची सही घ्या.